ट्रॅक्टरच्या मागे मागे

रविवार संध्याकाळ, मनामा

फ्रान्सहून परवाच आलो, पण ती अरुंद वाट डोळ्यांसमोरून हलत नाही. पुढे गवत लादलेला ट्रॅक्टर, मागे आमची मोटरहोम. एरवी सतत 'यल्ला, यल्ला' म्हणत घाई करणाऱ्या माझ्या नवऱ्याने, विनयने, एकदाही हॉर्न दिला नाही. "राहू दे गं, कुठे पोचायचंय आपल्याला?" हार्ट अटॅकनंतर त्याचा चेहरा पहिल्यांदाच इतका निवांत दिसला. त्या ट्रॅक्टरवाल्याला थँक्यू म्हणायला हवं होतं का?

आज तो सित्र्याला कामावर गेला आणि मी दिवसभर घड्याळ बघत राहिले. पुन्हा तीच धावपळ? पण आल्या आल्या बूट काढत म्हणाला, "नाइट शिफ्ट खलास. साहेबांना सांगून आलो."

"ऐकलं त्यांनी?"

"विचारलं नाही गं, सांगितलं."

चहा टाकायला आत गेले आणि ओट्यापाशी रडून घेतलं.