मिखाएलच्या सणाला आलेली हाक

लाडक्या शनूदा,

तू लिबियाला कामाला गेलास त्याला चौदा महिने झाले. तुझा पत्ता माहीत नाही, तरी लिहितो.

परवा मिखाएल देवदूताचा सण होता. तुझी वहिनी दमियाना भट्टीपाशी देवदूताच्या नावाच्या पोळ्या भाजत होती. भर दुपारी दारावर थाप पडली आणि तुझा आवाज आला, "दार उघड, मी आलोय."

माझा हात कडीवरच थिजला. बायबलातला पेत्र तुरुंगातून सुटून दाराशी आला, तेव्हा आतली माणसं म्हणाली होती, हा त्याचा देवदूत असेल. लहानपणी चर्चमध्ये शिकलेलं तेवढंच माझ्या डोक्यात राहिलंय. माणसाची वेळ भरली की त्याचा देवदूत त्याच्याच रूपात येतो, असं आपल्याकडे म्हणतात. मला वाटलं, तू गेलास. दार उघडलं तर ते खरं होईल, म्हणून मी उघडलं नाही.

"अहो, पाहुण्यालाही उन्हात भाजून काढताय का?" असं म्हणत दमियानानेच दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं.

समोरची उम्म गिर्गिस ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. ती हसून मला म्हणाली, "भावोजी, बायकोने घराबाहेर काढलं होतं का? मघाशी तुम्हीच तर दार ठोठावत होतात."

आपल्या दोघांचा आवाज सारखा आहे, हे मी विसरलोच होतो.

म्हणजे दाराशी आलेला देवदूत तुझा नव्हता; तू जिवंत आहेस, शनूदा. तेव्हापासून दोन घास पोटात जातात. हे पत्र दमियानाजवळ ठेवतो. तू आलास की ती देईल.

तुझा थोरला भाऊ,
तवद्रोस