पॅड बदलायचे ठरले, डिस्कचं ठरेना

करंजाडे, सोमवार दुपार

सौ. सुचित्राताई, विहीणबाई,

तुम्हा दोघांना यशोदेचा नमस्कार, त्यातला मोठा वाटा तुम्हाला. गुडघा कसा आहे? रोज तेल चोळता की नुसतं बाटलीकडे बघता? नंदकुमाररावांचा खोकला बसला का, की अजून पंख्याखालीच झोपतात? (आमच्याकडचेही तसेच. पंखा बंद केला की जागे होतात, मी हाक मारली तर नाही.) इथे सगळे बरे. सई उत्तम आहे. पाय सुजलेले नाहीत, तोंडावर तेज आहे, दुपारी दोन भाकऱ्या खाते आणि तासाभराने काय आहे म्हणून डबे उघडते.

हातात मोबाइल असताना पत्र कशाला, असं म्हणाल. आमच्याकडे फोन आला की हे तो स्पीकरवर टाकतात आणि मग तो फोन अख्ख्या मजल्याचा होतो. मेसेज लिहायला घेतला तर माझ्या अंगठ्याखाली दोन दोन अक्षरं एकदम दबतात. शाळा माझी चौथीपर्यंतच, पुढचं सगळं दुकानांच्या पाट्या आणि तेजसची जुनी पुस्तकं वाचून शिकले, तेव्हा कागदावर मला ऐसपैस वाटतं.

तर ओटी भरली त्या दिवशी मी तुम्हाला शब्द दिला होता, की आठ दिवसांत सईला साताऱ्याला आणून पोचवते, गाडी मी स्वतः चालवीन. पहिलं बाळंतपण माहेरी, तो तुमचा मान, त्यात दुमत नाही. आज एकोणीस दिवस झाले. तुम्ही तीनदा विचारलंत आणि तिन्ही वेळा तेजसने ‘ब्रेकचं काम चालू आहे’ एवढंच सांगून फोन ठेवला. (हा मुलगा लहानपणापासून असाच. पोटात दुखलं तरी एका शब्दात सांगायचा, आणि तोही चुकीचा.) ब्रेकला एकोणीस दिवस लागतात म्हणजे ही बाई ब्रेक करतेय की नवी गाडी बांधतेय, असं तुमच्या मनात आलंच असणार. म्हणून सविस्तर लिहिते.

ओटीच्या दुसऱ्या दिवशी पनवेलहून येताना पुलाच्या उतारावर मी ब्रेक दाबला, तर गाडीने अशी किंकाळी फोडली की पुढच्या रिक्षावाल्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं मीच ओरडले. आणि स्टिअरिंग हातात थडथडायला लागलं, थंडी वाजून ताप भरावा तसं. तशीच गाडी धर्मराजच्या गॅरेजला घातली. धर्मराज नावड्याचा, माझ्या माहेरच्या नात्यातला. त्याने पुढची चाकं काढली, आत डोकं घातलं आणि तिथूनच बोलला, “काकी, पॅड संपले, पापड बरा. पॅड तर टाकतो, पन डिस्कचा काय कराचा त्या तुमी बोला.”

तुम्ही गाडी चालवत नाही म्हणून सांगते. चाकाबरोबर फिरते ती लोखंडी थाळी म्हणजे डिस्क, आणि ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी तिला चिमटीत धरतात ते पॅड. पॅड झिजण्यासाठीच असतात, ते बदलायचेच. पण त्यांच्याबरोबर डिस्कही बदलायची, की जुन्या डिस्कवर नवे पॅड चढवायचे, हे बघून ठरवायचं असतं. शहाण्या माणसाने तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हटलं असतं आणि संध्याकाळी गाडी घरी आणली असती. मी म्हटलं, विचार करून सांगते. आणि विहीणबाई, एकदा विचार करायला बसले की मी मधे उठत नाही.

आधी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, डिस्क राहू दे, साताऱ्याला जाताना घाट चढायचाय, चढाला ब्रेक कशाला. मी म्हटलं, आणि येताना? हे म्हणाले, येताना सई कुठे असणार आहे गाडीत. मी उठून घासलेली भांडी परत घासली.

मग माझा भाऊ कोंडिबा आला. तो न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, चाळीस फुटी कंटेनर थांबवणारा माणूस, म्हणजे ब्रेकच्या बाबतीत त्याचा शब्द वजनाचा. गॅरेजात वाकून डिस्क बघितली आणि म्हणाला, “बाय, दोन पावसाले खेचंल ही.” मग घरी जेवायला आला. बोंबलाचं कालवण झालं, सईने त्याला सुपारी कातरून दिली, तेव्हा त्याने तिच्या पोटाकडे बघितलं आणि चेहराच बदलला. “बदल,” म्हणाला, “आजच बदल. खेचाचा काय त्याच्यान.” म्हणजे जेवणाआधी एक मत, जेवणानंतर दुसरं, आणि दोन्ही एकाच माणसाची. मी कोणतं धरायचं? दोन दिवस त्यात गेले.

धर्मराज म्हणाला, काकी, नख फिरवून बघा, खाचेत अडकलं तर डिस्क खराब. मी फिरवलं, अडकलं. पण माझं नख भाज्या निवडून असं झालंय की ते रेशमी साडीतही अडकतं. ह्यांना म्हटलं तुम्ही बघा, तर ह्यांना नखंच नाहीत, बातम्या बघताना खातात. तेव्हा नखाचा निकाल मी रद्द केला.

राहिली जाडी. डिस्कच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेलं असतं, की ती अमुक मिलिमीटरच्या खाली गेली तर वापरू नका. आमच्या डिस्कवर वीस लिहिलं होतं. मोजायचं माप धर्मराजने कोणाला तरी दिलेलं, ते आठ दिवस परत येईना. (त्याने दुसरं आणतो म्हटलं होतं. मी म्हटलं, कशाला घाई.) मग मला आठवलं, असलं माप सोनाराकडे असतं, बांगडीचं मोजायला. डिस्क खोलवून घेतली, पेपरात गुंडाळली, पिशवीत घातली आणि कमळाकरशेठच्या पेढीवर जाऊन काचेवर ठेवली. धप्प झालं. गादीवरची दोन माणसं उठून उभी राहिली.

कमळाकरशेठ मात्र सभ्य. त्यांनी लाल मखमलीचं तबक पुढे घेतलं, त्यात डिस्क ठेवली, चष्मा चढवला आणि तीन ठिकाणी मोजली. एका जागी वीस आणि केसभर वर, दुसऱ्या जागी नेमकी वीस, तिसऱ्या जागी वीसला केसभर कमी. मग सवयीने कड कसोटीवर घासली आणि विचारलं, “मोड द्यायची, की यातच नवीन करायचं?” शेजारी मंगळसूत्र बघायला आलेली बाई पुढे सरकून म्हणाली, डिझाइन छान आहे, पण रोजच्या वापराला जड नाही का होणार. मी म्हटलं, आम्ही जोडी घालतो.

हे तीन आकडे धर्मराजला सांगितले तर तो म्हणाला, “मंग संपला. एकीकरं जाडी, एकीकरं बारीक, म्हनूनच थडथड हाय. घासून सारखी केली तर वीसच्या खाली जाल. नवीन टाका, दोन्ही बाजूला.” माझ्याकडे उरलेला विचार संपला होता. मी हो म्हटलं. धर्मराजने देवाला हात जोडले.

नवीन डिस्क आल्या. काळ्याभोर, तकतकीत, बघून जीव सुखावला. एक रात्र घरी असू देत म्हणून मी त्या आणल्या, आणि इथे हातून एक गोष्ट घडली. नवीन लोखंडी तवा आणला की आपण काय करतो? गॅसवर तापवतो, तेल लावतो, अर्धा कांदा घेऊन घासतो. मी दोन्ही डिस्कना तेच केलं. इतकं मन लावून केलं की सईने आतून विचारलं, आई, पोहे करताय का? सकाळी धर्मराजने डिस्क हातात घेतली, नाकाशी नेली आणि टायरवर बसला. “काकी,” म्हणाला, “ब्रेकला तेल? ही थांबाला पायजे, सुटाला नाय.” मग दोन दिवस तो दोन्ही डिस्क तेल काढायच्या फवाऱ्याने धुवत होता आणि कपड्याने पुसत होता. पहिल्यांदा ब्रेक दाबून बघितला तर गॅरेजभर फोडणीचा वास सुटला आणि पोरांनी जेवणाचे डबे उघडले.

तर असे हे दिवस गेले. अजून बारीकसारीक काम आहेच, मागच्या चाकांचंही एकदा बघायला हवं, टायरांतली हवा, वायपर वगैरे. तेव्हा सईला आणायला थोडा उशीर होईल, तेवढं सांभाळून घ्या. तुम्हाला नमस्कार. रावांना वेगळा नमस्कार, म्हणजे त्यांना तुमच्यातला वाटून घ्यायला नको.

तुमची विहीण,
यशोदा

ता. क. वरचा शेवटचा परिच्छेद खोटा आहे, माझ्याने तसाच पाठवला जात नाही. गाडी पाच दिवसांपूर्वीच झाली. बोट ठेवलं तरी थांबते. डिस्कला तेल लावू नये हे खोक्यावर चित्रासकट छापलं होतं आणि ते मी वाचलं होतं. खरं असं, की सईला पोचवून एकटीने माघारी यायचं माझ्या जिवावर आलंय. मला गाडी मागे घ्यायला तिनेच शिकवलं, तेजसने तर पाच मिनिटांत हात टेकले होते. या घरात बोलणारं माणूस ते एकच. तुमचा मान मी मोडत नाही, फक्त विचारते: बाळंतपण इथे केलं तर चालेल का? तुम्ही दोघं इकडे या, तीन महिने राहा, वरची खोली रिकामी आहे, स्वयंपाकघर तुमच्या हाती देते. नाही म्हणालात तर रागावणार नाही, गुरुवारी सकाळी तिला घेऊन निघते.

ता. क. २. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात कुरिअरवाला तुमचं खोकं देऊन गेला. दुपटी सुंदर शिवलीत. त्यांच्याखाली तुमचे चार गाऊन आणि रावांचे दोन पायजमे निघाले. मी ते हातात घेऊन उभी, तर सई म्हणते, “आई, मी तर ओटीनंतर लगेचच साताऱ्याच्या आईला सांगितलं होतं, मी इथेच राहते म्हणून. तीच म्हणाली, यशोदाताईंना वाईट वाटेल, त्यांनी शब्द दिलाय, तू काही बोलू नकोस.” म्हणजे विहीणबाई, तुम्ही तीनदा विचारलंत ते नुसतं माझा शब्द राखायला. पत्र तरी पाठवते, एवढं लिहिलेलं फुकट का घालवू. गुरुवारी मी येते, तुम्हा दोघांना न्यायला. रावांच्या पायजम्यांना नाड्या नाहीत, त्या तेवढ्या घेऊन ठेवा.