शिंप्याने दुमडलेला आयत

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (फार वाकत नाही, कंबर धरली आहे). तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे खुशाल, फक्त माझी अब्रू गेली आहे.

झालं असं, की परीक्षेच्या आदल्या दिवशी तुझ्या लाडक्या भाचीने, म्हणजे आमच्या टिल्लीने मला विचारलं, आयताला सममितीच्या रेषा किती? गणिताचं आणि माझं कधी पटलं नाही हे तू जाणतेसच, पण हा प्रश्न माझ्या धंद्यातला निघाला. ज्या रेषेवर दुमडलं की दोन्ही बाजू तंतोतंत एकमेकींवर बसतात, ती सममितीची रेषा. अगं, कापड दुमडून बेतण्यातच माझे केस गेले! बेधडक सांगितलं, चार. एक उभी, एक आडवी आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या. तिरकं कापलं की दोन सारखे तुकडे पडतात, आणखी काय हवं? पोरीने पेपरात चार लिहिलं. ते चूक आलं तेव्हा भर वर्गात बाईंना सुनावलं, की माझे बाबा शिंपी आहेत, घडीत त्यांचं चुकायचं नाही.

बाईंचा कोट नेमका माझ्याकडेच शिवायला. त्या न्यायला आल्या, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि (एक खिसा बोटभर वर बसलाय हे दिसूनही गप्प राहून) मला एक लांबट कागद देऊन म्हणाल्या, तिरका दुमडा. दुमडला. दोन कोपरे सशाच्या कानांसारखे बाहेर! मी म्हटलं, कागदच वाकडा कापलाय. दुकानात गिऱ्हाइकं होती, माघार कशी घेणार? खिशातला रुमाल काढून तिरका दुमडला, तो कसा चपखल बसला. मी मिशीवर ताव दिला. तेवढ्यात टिल्लीने माझ्याच गळ्यातली टेप ओढून रुमाल मोजला आणि हळूच म्हणाली, "बाबा, हा चौरस आहे." सारखे तुकडे पडणं वेगळं, एकमेकांवर बसणं वेगळं, आणि आयताला रेषा दोनच, हे तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं.

पोर रागावली असती तर परवडलं असतं. पण तेव्हापासून ती मला काही विचारतच नाही. पूर्वी मशीनशेजारी फतकल मारून अभ्यास करायची, आता पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जाते. मी मुद्दाम रिकामं मशीन खडखडवतो, तरी बाहेर येत नाही. फार लागलंय ते मला, ताई.

बाकी ठीक. भावजींना नमस्कार.

तुझा,
अतिशहाणा भाऊ

ता.क. : मुख्य काम राहिलंच. समांतरभुज चौकोनाला सममितीच्या रेषा किती, ते ताबडतोब कळव. पुढचा धडा तोच आहे. चुकून तिने विचारलंच, तर उत्तर तयार हवं. मी अस्तराचा तुकडा तसा कापून सगळीकडून दुमडून पाहिला, एकही रेषा सापडत नाही. म्हणजे नक्कीच माझं काहीतरी चुकतंय.

पुन्हा ता.क. : पत्र पेटीत टाकायला टिल्लीकडेच देतोय. पाकीट डिंकाने पक्कं चिकटवणार आहे, तिला यातलं काही कळायचं नाही.

(खाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात)

आत्या, डिंक वाळला नव्हता. एकही रेषा नाही, बाबांचं बरोबर आहे. त्यांना लवकर कळव. मी त्यांना विचारायला थांबले आहे.