निखाऱ्यावरचा हंडा

आबा, आज धुळ्यात बायकांच्या सभेत तुमची स्तुती झाली, आणि तेव्हापासून माझं डोकं नुसतं तापलं आहे. लढाईमुळे लाकूडफाटा मिळेनासा झालाय, म्हणून धुण्याचं जळण कसं वाचवावं ते सांगायला कोणी बाई आल्या होत्या. त्यांचं बोलणं संपायच्या आत जळगावची आपली जुनी शेजारीण उठली आणि माझ्याकडे बोट दाखवत तुमचीच युक्ती सांगत सुटली. भाकरी झाल्या की चूल विझवायची नाही, निखारे सारखे करून त्यावर राखेच्या पाण्यात बुडवलेल्या कपड्यांचा हंडा ठेवायचा, वर परात झाकायची, सकाळपर्यंत मळ आपोआप सुटतो. जास्तीची एक काडी जळत नाही. टाळ्या पडल्या. त्या बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुमचे वडील मोठे दूरदृष्टीचे हो. तोंड उघडलं असतं तर काय बोलले असते, देव जाणे.

युक्ती चांगलीच होती, नाही कोण म्हणतं? सदरे, धोतरं, आईची लुगडी, सगळं त्यात निघायचं, आणि तुम्ही कापसाच्या जिनात मुकादम होतात तिथले लोक विचारायला घरी यायचे. तुम्ही फुगायचात. पण माझ्या लहानपणी एका हिवाळ्यात घरात खरूज शिरली. आधी मला, मग आईला, मग तिच्या कडेवरच्या धाकट्याला. त्याला अजून दातही आले नव्हते. सुईण म्हणाली, नुसतं गंधकाचं तेल चोळून भागणार नाही, अंथरूण, पांघरूण, झबली, दुपटी, सगळं एका दिवशी खळाखळा उकळा. तुम्ही म्हणालात, हंडा ठेवतोच आहोत की रोज. अहो, कोमट पाण्यानं खरूज मरते का? ती आमच्या तिघांत फिरत राहिली, धाकट्याच्या अंगावर पू धरला, रडून रडून त्याचा आवाज बसला. आणि परसात पऱ्हाट्यांची गंजी छपराला टेकलेली! आजोबांनी जामनेरहून गाडी भरून पाठवलेल्या कपाशीच्या काड्या त्या. जळण आईच्या माहेरचं, आणि राखण तुमची.

त्या दुपारी आई परसात तीन दगड मांडून बसली आहे. पऱ्हाट्या तडतडतात, हंड्याला आधण येऊ लागलंय, धाकटा माझ्या मांडीवर कण्हतोय. तुम्ही जेवायला येता. चपलासुद्धा काढत नाही. फडक्यानं हंडा धरता आणि ते पाणी कपड्यांसकट जाळावर ओतता. कधी तुमच्यासमोर आवाज न चढवलेली आई तेव्हा बोलली, "मना पोऱ्यानं आंग जळी ऱ्हायनं, ते तुमले दिखत नही का?" तुम्ही एवढंच म्हणालात, की वर्षाचं जळण एका दिवसात फुंकायला निघाली आहेस. मग हात धुऊन पाटावर बसलात, आणि तिनं तुम्हाला वाढलं. ते वाढणं आठवलं की आजही माझ्या अंगाची आग होते.

धाकट्याला ताप चढला तो उतरलाच नाही. तान्ह्या पोराला जाळत नाहीत, पुरतात. त्यालाही तुमचं जळण लागलं नाही, आबा. त्याला पुरून आलात आणि गंजी ओढलीत. घरातलं एकेक कापड उकळलंत, धोतर गुडघ्यावर खोचून, धुरानं डोळे लाल करून. आई ओट्यावर बसून बघत होती, ती उठली नाही. शेजारी म्हणाले, शेवटी बापाचं काळीज. काळीज! आठ दिवस आधी ते कुठं उलथलं होतं? मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

हे कुठं धाडायचं नाहीच. घडी घालून पेटीत, लुगड्यांच्या तळाशी ठेवून देईन. एक मात्र मी आईलाही कधी बोलले नाही. तुम्ही सगळं उकळल्यावर माझी खाज थांबली. घरात पाळणा रिकामा होता, आणि मला किती दिवसांनी गाढ झोप लागत होती.