न पाजणारी मेंढी

प्रिय बाळाच्या आईस,
प्रभूच्या नावाने सलाम.

मी बरा आहे, जेवणखाण वेळेवर होतं. बाळ अजून दूध ओढत नाही, असं तू लिहिलंस. डॉक्टर काय म्हणतात? आई तुझ्याजवळच झोपते ना?

इथे कामावर, मेंढवाड्यात, पहिल्या वेताची एक मेंढी कोकराला जवळच येऊ देईना, लाथा मारायची. दिवसातून चारदा मी तिला गुडघ्याने भिंतीशी दाबून धरायचो आणि कोकराचं तोंड सडाला लावायचो. आमचे म्हातारे मेंढपाळ म्हणाले, "प्रभूच्या दाखल्यातल्यासारखं नव्याण्णव मेंढरं सोडून हरवलेल्या एकामागे एकदा जाणं सोपं रे. रोज उठून हे करणं, ही खरी प्रार्थना." आठव्या दिवशी मेंढीने कोकराला चाटलं. तेव्हा तूही धीर सोडू नकोस.

पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून पुन्हा उघडलं. मेंढीने कोकराला चाटलेलं नाही. तुला बरं वाटावं म्हणून तसं लिहिलं, पण खोटं लिहून प्रार्थनेला बसवेना. आज नववा दिवस, लाथा चालूच आहेत. मी धरतो म्हणून कोकरू पितं, एवढंच खरं.

तू बाळाला जवळ धरून बस. मी मेंढीला धरायला चाललो.

तुझा,
बाळाचं तोंड अजून न पाहिलेला त्याचा बाप