आबा आर, म्हैस इज

आबा,

तुम्हाला अडखळायला होऊ नये म्हणून मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहायला बसले आणि माझंच मला हसू आलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्याहून वयानं मोठी आहे. तरी ‘आबा’ एवढं लिहिताना पदर सावरला जातो. उभी हयात मी शाळेत इंग्रजी शिकवलं. दर वर्षी एकवचन-अनेकवचनाचा धडा यायचा, आणि फळ्याकडे तोंड केलं की मला आपली चिंचवडची खोली दिसायची. मुलांना वाटायचं बाई अक्षर सुंदर काढतात म्हणून वेळ लागतो.

तेव्हा पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहत होता. चाकणकडची शेती थोरल्या चुलत्यांवर सोपवून तुम्ही आम्हाला इकडे आणलंत आणि त्या बांधकामावर विटा वाहू लागलात. बांधकाम संपत आलं तसा मुकादम म्हणाला, स्टोअरमध्ये माणसं कायम करणार आहेत, पण परदेशी साहेब येतात-जातात, तेव्हा चार वाक्यं इंग्रजी यायला हवं. कायम होणं म्हणजे डोक्यावरचं ओझं उतरणं, हे घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. मी आठवीत होते. इंग्रजी तेव्हा आठवीतच सुरू व्हायचं, म्हणजे माझं स्वतःचं इंग्रजी जेमतेम एका पावसाळ्याचं. पण वासरांत लंगडी गाय शहाणी. तुम्ही मलाच मास्तरीण केलंत.

संध्याकाळ आहे. आई भाकरी थापते आहे. तुम्ही चुलीपाशी मांडी घालून बसला आहात, बोटांच्या भेगांत अजून चुना आहे, आणि तुम्ही म्हणता, “माय बफेलो इज ब्लॅक. माय डॉटर इज गुड. माय फादर आर फार्मर.” आजोबा केव्हाच गेले होते, पण मला भूतकाळ अजून शिकवलेला नव्हता, म्हणून आपण त्यांना वर्तमानातच ठेवलं होतं.

“फादर इज,” मी म्हणते.

“बापाला इज? आन् म्हशीलाबी इज?”

“एकच असेल तर इज.”

“एक हाय, पर बाप हाय न्हवं? ‘आबा आला’ म्हनशील का तू कवा?”

“इंग्रजीत राजालासुद्धा इज म्हणतात.”

“मंग त्येंचं राज गेलं ह्यात नवल न्हाई,” तुम्ही म्हणालात, आणि आई काटवटीवर वाकून हसत राहिली.

मी हसले नाही. मला वर्गातल्या बाईंसारखं दिसायचं होतं. पुढे रोज तेच. सायेब आर, मुकादम आर, मारुतीच्या देवळातला पुजारी आर. मान द्यायचा तिथे तुमची जीभ आपोआप अनेकवचनात जायची, आणि माझा पारा चढायचा. एकदा मी ताडकन म्हणाले, “आबा, आर हा शब्दच विसरा. कुणीही असो, इज. एवढंही कसं येत नाही तुम्हाला?” आईनं माझ्यावर डोळे वटारले. तुम्ही हिरमुसलात, पण ऐकलंत. विटा वाहतानाही इज-इज घोकता, असं शेजारचे सांगत होते.

आणि मग तो दिवस. धुतलेला सदरा, टोपी, आईनं हातावर ठेवलेलं दही. परत आलात ते सरळ आत न येता उंबऱ्यावरच बसलात. साहेब पुण्याचाच होता. त्यानं आईवडिलांचं विचारलं आणि तुम्ही म्हणालात, “माय फादर अँड मदर इज डेड.” साहेब हसला. “दोघं मिळून एकच का हो?” म्हणाला. खोलीतले बाकीचेही हसले. त्यानंतर खोकं, बाटली, कुलूप यांचं इंग्रजी, येत होतं तेही, तुम्हाला आठवेना. एका इजपायी नोकरी गेली असं नसेलही, दुसऱ्या कुणाचा वशिला असेल. पण मला ते समाधान कधी पुरलं नाही.

“पोरी,” तुम्ही विचारलंत, “दोन मान्सं आसली तर काय म्हनायचं गं?”

मला उत्तर येत होतं. आमच्या पुस्तकात पहिल्याच पानांवर होतं. तुम्हाला मोकळं सोडलं असतं, तर तुम्ही आईबापांना मानानं आरच म्हणाला असतात आणि बिनचूक ठरला असतात. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, “इजच.”

“मंग सायबाचंच चुकलं,” तुम्ही म्हणालात आणि पाय धुवायला उठलात.

नंतर तुम्ही स्टेशनवर मालगाड्या रिकाम्या करायला जाऊ लागलात. गावी परत गेला असतात तर माझी शाळा सुटली असती, म्हणून गेला नाहीत. तुमचा उजवा खांदा शेवटपर्यंत खाली राहिला. पोत्यांखाली वाकलेला तो खांदा बघून मी पाठांतर करत असे. आबा, मला तुमची लाज वाटत होती तेव्हा मी तुम्हाला शिकवत होते, आणि पुढे माझीच लाज वाटू लागली तेव्हा तुम्ही माझं कौतुक करत होतात.

मी मास्तरीण झाल्यावर मात्र एक गोष्ट लक्षात आली. आपलं बरोबर आहे अशी ज्याची खात्री असते, तो मुलगा पुढचं विचारत राहतो. तुम्ही त्या संध्याकाळनंतर मला इंग्रजीतला एकही शब्द विचारला नाहीत. माझ्या मान खाली घालण्यावरून तुम्हाला तिथंच उमगलं असणार. तरी पारावर, लग्नाच्या मांडवात, जो भेटेल त्याला तुम्ही सांगायचात, “त्या सायबाला काय येत न्हवतं. माजी पोरगी त्याला शिकवील.” लोक मला पुढे बोलावून बघायचे. माझी चूक झाकायला तुम्ही जन्मभर एका साहेबाला खोटं पाडलंत.

हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही, तुमच्या फोटोसमोरही नाही. भीतीनं गप्प राहिले असं मी आजवर स्वतःला सांगत आले. भीती पहिल्या दिवशी होती. पुढे मी तुम्हाला कधीच थांबवलं नाही, कारण ‘माजी पोरगी त्याला शिकवील’ हे ऐकायला मला फार आवडायचं.