"हो, लस दिलीय"

४ मार्च
धाकट्या भावाला घरी आणलं. दुकानाची पाटी रंगवताना शिडीवरून पडला, पोटातली प्लीहा फुटली, काढावीच लागली. सर्जननी मला बाजूला घेतलं — "प्लीहा नसली की न्यूमोकोकस नावाचा जंतू अंगात भराभर पसरतो. टाके काढायला याल तेव्हा लस घ्या. विसरू नका." मी त्याला यातलं काही बोलले नाही. उगाच कशाला घाबरवायचं? आईवडिलांमागे आम्ही दोघंच.

१४ मार्च
टाके निघाले, दुखू नये म्हणून त्याला एक सुईही टोचली. लसीच्या खिडकीपुढे ही भलीमोठी रांग. मला शाळेचे गणवेश शिवून द्यायचे होते. म्हटलं, पुढच्या आठवड्यात येऊ.

२५ मार्च
लस राहिलीच. तो ठणठणीत आहे. शिट्ट्या मारत फिरतो.

६ एप्रिल
सकाळी त्याला हुडहुडी भरली. तापाची गोळी दिली, दोन चादरी घातल्या आणि मशीनवर बसले. दुपारी ओठ निळे!
तशीच रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. जंतू रक्तात गेलाय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लस दिली होती?" तोंडातून निघून गेलं — "हो, टाके काढले त्याच दिवशी." त्यांनी लिहून घेतलं.
का बोलले मी असं?

९ एप्रिल
नळ्याच नळ्या. रक्त न पोचून उजव्या हाताची बोटं काळी पडलीत. ब्रश धरतो त्याच हाताची.

१७ एप्रिल
तीन बोटं काढली. जीव वाचला म्हणतात.

२४ एप्रिल
आज नीट बोलला. वर मलाच समजावत होता — "ताई, लस घेऊनही क्वचित होतं म्हणे असं. टाके काढताना सुई टोचली, ती लसच ना? तू सगळं वेळेवर केलंस. माझंच नशीब फुटकं." मी मान खाली घालून सूप भरवत राहिले.

२५ एप्रिल
उद्या सोडणार. घरी न्यायच्या कागदावर लिहिलंय, लस झालेली. म्हणजे आताही कुणी देणार नाही. माझ्या एका शब्दापायी हा पुन्हा तसाच राहणार.
डॉक्टरीणबाईंना गाठलं. खरं सांगितलं. जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. त्यांनी कागदावरची ती ओळ खोडली. म्हणाल्या, "आज बोललात ते बरं केलंत. जायच्या आधी देऊ. पण का देतोय, ते त्याला तुम्ही सांगा."

२६ एप्रिल
सांगितलं. त्याने दंड पुढे केला, लस टोचून घेतली. मग नर्सला म्हणाला, "माझ्या दोस्ताला फोन लावून द्याल? मी त्याच्याकडे राहणार आहे."